चाळीस दिवसांत चाळीस शेर

पोटच्या पोराने आईच्या देखत ताटात अर्धी भाकरी टाकून उठणे, हा गुन्हा कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला नाही. निजाम जाऊन एवढी वर्षे झाली तरी राज्यकारभार अजून मांडी घालून नीट बसलेला नाही तो यामुळेच, असे कडूबाईंचे मत होते. आणि कडूबाईंचे मत म्हणजे बेंबळीपासून तीन कोसांवरच्या त्या गावात जवळजवळ सरकारी हुकूमच. (सरकारी हुकमाची तामिली व्हायला वेळ लागतो, कडूबाईंच्या हुकमाला लागत नसे. एवढाच फरक.)

गुन्हेगार म्हणजे त्यांचा एकुलता लेक शिवलिंग. वय पस्तीस, धंदा शेती, वजन एकशे बारा शेर. पैकी वजन लवकरच कमी होईल असे जाहीर झालेले होते. वय आणि धंदा आहे तसेच राहणार होते.

“का रं, कालवणात मीठ कमी हाय का?” कडूबाईंनी विचारले.

“न्हाय आई. पुरं झालं.”

कडूबाईंनी उभ्या आयुष्यात बरेच काही ऐकले होते. रझाकारांच्या बंदुका ऐकल्या होत्या, तलाठ्याची बोलणी ऐकली होती. पण ‘पुरं झालं’ हे शब्द त्या घराच्या भिंतींनी शिवलिंगाच्या तोंडून कधी ऐकलेले नव्हते. त्यांनी सुनेकडे पाहिले. सिताबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, “आत्या, रोज साडेतीन खात्यात. आज चार घेतल्या आन अर्धी टाकली.”

हिशेब चोख होता. पोटात गेल्या त्या साडेतीनच. पण त्याग दिसायचा तर ताटात काहीतरी उरावे लागते, आणि उरायचे तर आधी जास्त घ्यावे लागते.

या अर्ध्या भाकरीच्या मागे पंचवीस वर्षांचा इतिहास होता.

शिवलिंग दहा वर्षांचा असताना त्याला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस पोरगे अंथरुणाला खिळून राहिले. बाविसाव्या दिवशी कडूबाईंनी गावच्या सिद्धेश्वरापुढे पदर पसरला आणि बोलल्या, “माझं लेकरू उठू दे देवा, त्येच्या भारोभार गूळ वाटीन.” तेविसाव्या दिवशी पोराने पेज मागितली. देवाने आपल्या बाजूचे काम एका दिवसात उरकले. कडूबाईंच्या बाजूचे तेवढे राहिले.

राहिले, कारण तापातून उठलेले पोर जेमतेम अठरा शेर भरले असते. अठरा शेर गुळात नवस फिटला असता, पण अब्रू गेली असती. कडूबाईंच्या घरचा नवस आणि माणशी बोटभर गूळ? तेव्हा त्यांनी ठरवले, लेकरू जरा अंग धरू दे. लेकराने अंग धरले. धरले ते सोडलेच नाही. पुढे धामधूम आली, मग विलीनीकरण आले, मग लग्न आले, मग दोन वर्षे पाऊस आला नाही. दरवर्षी नवस पुढच्या यात्रेवर जाई आणि दरवर्षी तीन-चार शेरांनी वाढे. (इतक्या नेमाने वाढणारी दुसरी कोणतीही गोष्ट त्या काळी आसपासच्या दहा गावांत नव्हती.)

यंदा मात्र कडूबाईंना विहिरीवर घेरी आली. काठावर बसून त्यांनी डोळे मिटले तेव्हा त्यांना पहिली आठवण झाली ती गुळाची. घरी येऊन त्या सिताबाईला म्हणाल्या, “वर गेल्यावर सिद्धेश्वर इचारील, कडूबाई, गूळ कुठाय? तर काय सांगू? पोरगं अजून अंग धरतंय म्हून?”

ठरले. चैत्रातल्या यात्रेला तुला करायची. गूळ किती लागेल याचा अंदाज घ्यायचा म्हणून माघातल्या एका बाजाराच्या दिवशी शिवलिंगाला बाबामियाँच्या काट्यावर बसवले. बाबामियाँ बाजारात कापूस तोलत. तीस वर्षांत त्यांच्या मापाबद्दल कुणी ब्र काढलेला नव्हता. त्यांनी एका पारड्यात शिवलिंगाला घेतले, दुसऱ्यात वजने रचली, काटा करकरला, दोर ताणला, आणि बाबामियाँनी कापसाचे बोचके पुकारावे तसे पुकारले, “दोन मण बत्तीस शेर.”

“कडूबाई,” गर्दीतून गावचे पुढारी हणमंतप्पा म्हणाले, “एवढ्यात दोन नवस फिटत्याल की वो.”

सगळा बाजार हसला. शिवलिंगही हसला. घरी येईपर्यंत तो हसतच होता, आणि ओसरीवर बसल्यावर त्याचे हसू संपले. यात्रेच्या दिवशी पाच गावे जमणार, आणि पाच गावांपुढे बाबामियाँ हाच आकडा पुन्हा पुकारणार. त्याने शपथ घेतली, तोवर आपण कमी व्हायचे.

पहिल्यांदा तो धाराशिवच्या (कागदावर उस्मानाबादच्या) दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरांनी त्याला तपासले आणि सांगितले, रोज एक भाकरी कमी करा, दोन मैल पायी चाला, महिन्याला शेर-दीड शेर घटले तरी समाधान माना. आणि हे वर्षभर, जमल्यास जन्मभर चालू ठेवा. शिवलिंगाने विचारले, “आन चाळीस दिसांत चाळीस शेर?” डॉक्टर हसले आणि पुढच्या रोग्याला हाक मारली. औषध नाही, सुई नाही, बाटली नाही. शिवलिंगाने परत येताना एवढाच निष्कर्ष काढला की डॉक्टर नवीन असावेत.

गावात मात्र अनुभवी माणसांची कमतरता नव्हती. हणमंतप्पांनी आजवर अकरा समित्यांत काम केले होते, पैकी नऊ समित्यांचे काम काय होते हे त्यांना सांगता येत असे. त्यांनी शिवलिंगाच्याच ओसरीवर ‘प्रकृतिसुधार समिती’ स्थापन केली. सभासद सात. अध्यक्ष ते स्वतः. वजन करण्याची सक्ती फक्त शिवलिंगावर. (अध्यक्षांचे वजन काट्यावर कधी झालेले नव्हते. समाजात होते.)

समितीने पहिल्याच बैठकीत सर्वानुमते ठराव केला की, चाळीस दिवसांत चाळीस शेर घट साधावी. चाळीसच का, तर दोन्ही आकडे सारखे असले की लक्षात राहतात आणि मणही पुरा होतो. एका सभासदाने विचारले की चार शेर धरले तर कसे. त्याला समजावण्यात आले की सगळ्या देशाने मोठमोठी उद्दिष्टे धरली असताना आपण चार शेर धरणे गावाला शोभत नाही.

कार्यक्रम पुढीलप्रमाणे आखला गेला.

पहाटे बारा सूर्यनमस्कार. (प्रत्यक्षात पहिल्या दिवशी दोन झाले. दुसऱ्या दिवशी पहिल्या दोनांचे अंग दुखत होते. तिसऱ्या दिवसापासून शिवलिंग सूर्याला बसूनच नमस्कार करू लागला. सूर्याने तक्रार केली नाही.)

सकाळी दोन मैल चालणे. गावातल्या वाटेवर कुत्री मागे लागतात, म्हणून चालण्यासाठी तो बैलगाडीने मळ्यात जाई. मळ्यात गेल्यावर दम लागे, कारण गाडीचे हादरे फार. मग आंब्याखाली विसावा. परतताना गाडीच. बैल मात्र या चाळीस दिवसांत खरोखर उतरले.

जेवणात साखर वर्ज्य. हे शब्द समितीने कुठल्याशा पत्रकातून उतरवून घेतले होते. त्या घरात साखर फक्त पाहुण्यांच्या चहाला येई, म्हणून हे पथ्य शंभर टक्के पाळले गेले. पत्रकात गुळाचा उल्लेख नव्हता.

आणि भाकरी अर्धी टाकणे. ती कशी टाकली जाई ते आपण पाहिलेच.

इकडे कडूबाईंनी गुऱ्हाळावरून दहा-दहा शेरांच्या अकरा ढेपा आणि वर दोन शेरांचा खडा आणवला. एकशे बारा शेरांना एकशे बारा शेर. ढेपा आतल्या खोलीत ओळीने मांडल्या, वर घोंगडे टाकले आणि घरात बजावले, “देवाचा हाय. कुणी बोट लावायचं न्हाय.” रोज सकाळी त्या घोंगड्यावरून हात फिरवून ढेपा मोजत. अकरा असत. मोजून झाल्यावर कोपऱ्यातला कणभर खडा जिभेवर ठेवून पाहत. (गूळ चांगला राहिला आहे का, हे चाखल्याशिवाय कळत नाही. ही तपासणी होती.)

दहाव्या दिवशी कडूबाई खुरपणीला गेलेल्या असताना समितीची दुसरी बैठक भरली. हणमंतप्पांनी सभेपुढे एक गंभीर बाब मांडली. गूळ आणला आहे एकशे बारा शेर. यात्रेच्या दिवशी शिवलिंग भरणार बहात्तर शेर. मग वरचे चाळीस शेर कशासाठी?

एवढी मोठी चूक एवढे दिवस कुणाच्या लक्षात कशी आली नाही, याचे सर्वांनाच आश्चर्य वाटले.

“देवाला भारोभार बोललंय, भारापेक्षा जास्त न्हाय,” हणमंतप्पा म्हणाले. “जास्तीचा दिला तर नवसाचा भंग व्हतो.”

शिवलिंगाने मान डोलावली. आईच्या हातून नवसाचा भंग व्हावा असे कोणत्या मुलाला वाटेल? तेव्हा ठराव झाला, की नियोजित घट विचारात घेता चाळीस शेर गूळ शिल्लक ठरत असून, त्याची विल्हेवाट समितीने टप्प्याटप्प्याने लावावी. घट अजून व्हायची होती. पण ती होणारच होती, आणि जे होणारच आहे त्यासाठी थांबणे हा समितीला स्वतःवरचा अविश्वास वाटला.

विल्हेवाट त्याच बैठकीपासून सुरू झाली. सिताबाईला शेंगदाणे भाजायला सांगितले.

“आत्यास्नी इचारलं का?” तिने दारातून विचारले.

“ठराव झालाय,” शिवलिंग म्हणाला.

“ठराव खाणार का गूळ खाणार?”

“तू शेंगा भाज.”

ढेपांची संख्या अकराच राहावी म्हणून गूळ खालच्या बाजूने कोरून घेण्यात आला. कडूबाई वरून हात फिरवत होत्या. वरून ढेपा शेवटपर्यंत गोल, गुळगुळीत आणि भरलेल्या दिसल्या. समितीची बैठक आठवड्याला एक होई, ती एक दिवसाआड होऊ लागली. उपस्थिती सातावरून एकोणीसवर गेली. प्रकृतीच्या कामात गावाने एवढा रस पूर्वी कधीच दाखवला नव्हता.

शिवलिंगाची प्रगती बैठकीत हाताने पाहिली जाई. हणमंतप्पा त्याचा दंड दाबत आणि म्हणत, “उतरलाय.” दुसरा म्हणे, “गाल बसल्यात.” तिसरा म्हणे, “माझ्याकडं बघितल्यावर तर लईच उतरलेला वाटतो.” तो खरे बोलत होता. कंबरेचा करदोटा मात्र घट्ट होऊ लागला होता. यावर समितीने असे कारण काढले की चरबी जाऊन ताकद येते आहे, आणि ताकदीला जागा जास्त लागते.

एवढ्यात चैत्राच्या तोंडावर हुकूम आला की बाजारात आता शेर बंद, किलो सुरू. बाबामियाँनी जुनी वजने जमा केली आणि तालुक्याहून नवी लोखंडी वजने आणली. त्यांनी ती हातात तोलून पाहिली आणि हणमंतप्पांना म्हणाले, “अप्पा, हा किलो शेरापेक्षा पाच-सहा तोळे भारी दिसतो.” हणमंतप्पांनी सांगितले की ही तांत्रिक बाब असून तिचा यात्रेशी संबंध नाही.

यात्रेचा दिवस उजाडला. देवळापुढे तीन वासे बांधून काटा टांगला होता. पाच गावे जमली होती. कडूबाई नवे इरकली लुगडे नेसून ढेपांच्या गाडीबरोबर चालत आल्या. त्यांना कोणत्याही आकड्याशी कर्तव्य नव्हते. त्यांना एवढेच हवे होते की दोन पारडी समोरासमोर यावीत आणि पंचवीस वर्षांची ती गोष्ट संपावी. गुळाच्या खड्याएवढे जरी कमी पडले, तरी पाच गावांच्या साक्षीने कडूबाई देवापुढे खोट्या ठरणार होत्या.

समितीची मात्र अट होती की आधी वजन पुकारले जावे. शिवलिंग पारड्यात बसला. श्वास रोखला की माणूस हलका होतो असे हणमंतप्पांनी त्याला सांगितले होते, म्हणून त्याने छाती भरून घेतली आणि पोट आत ओढले. बाबामियाँनी नवी वजने रचली.

“एकशे सहा,” त्यांनी पुकारले, आणि लगेच पुढे म्हणाले, “किलो. शेर नव्हे. शेरात धरलं तर—”

पुढचे कुणाला ऐकू आले नाही. एकशे बाराचे एकशे सहा. सहा कमी. टाळ्या पडल्या, हलगी वाजली. हणमंतप्पांनी छोटेसे भाषण केले, की चाळीस जरी झाले नसले तरी सहा ही सुरुवात आहे, आणि उरलेले चौतीस पुढच्या चाळीस दिवसांत सहज होतील. शिवलिंगाच्या गळ्यात हार पडला. हाराचे वजन कुणी धरले नाही.

“झालं का तुमचं?” कडूबाई म्हणाल्या. “आता माझं होऊ द्या.”

लोखंडी वजने उतरवली आणि ढेपा चढू लागल्या. एक, दोन, तीन. पाचवी ढेप उचलताना गड्याने ती जरा अचंब्याने पाहिली, कारण ती फारच सहज उचलली गेली. अकराव्या ढेपेनंतर दोन शेरांचा खडा ठेवला. तोही दोन शेरांचा राहिला नव्हता. पारडे जागचे हलले नाही. शिवलिंग जमिनीला टेकलेला होता आणि गूळ वर, आभाळाकडे.

हलगी थांबली.

कडूबाई पारड्यापाशी गेल्या. त्यांनी वरची ढेप दोन्ही हातांनी उचलली आणि उलटी केली. आत देवळाच्या घुमटासारखी पोकळी होती, आणि तीत बोटांच्या खुणा होत्या. लहान, मोठ्या, जाड, बारीक. त्यांनी दुसरी उलटी केली. तिसरी केली नाही.

“बाबामियाँ,” त्या हलकेच म्हणाल्या, “तुमी तीस वर्सं तोलताय. काय झालंय ते सांगा.”

बाबामियाँनी गुळाच्या बाजूला वजने टाकून पाहिली, उतरवली आणि डोळे मिटून हिशेब केला. “भाबी, पोरगं शेराच्या मापानं एकशे चौदा हाय. दोन शेर वाढलं. गूळ अठ्ठ्याण्णव ऱ्हायला. चौदा शेर घटला.”

म्हणजे समितीचे काम अगदीच वाया गेलेले नव्हते. चाळीस दिवसांत घट झाली होती, नेमाने, टप्प्याटप्प्याने, ठरावाप्रमाणे. फक्त ती गुळाची झाली होती. आणि चौदा शेरांपैकी शिवलिंगाच्या अंगाला फार तर दोनच लागले होते. उरलेले बारा शेर त्या क्षणी टाळ्या वाजवून थांबलेले होते.

“सोळा शेर कमी पडतोय,” बाबामियाँ म्हणाले. “माझ्या घरनं आणू का?”

“नको. नवस माझा हाय, गूळ माझाच पायजे. उसना चालत न्हाय.” कडूबाईंनी गर्दीवरून नजर फिरवली. “पर ज्यानं ज्यानं खाल्लाय, त्यानं आणला तर त्यो माझाच.”

गावातले एकोणीस पुरुष एकदम देवळाचा कळस पाहू लागले. मग हणमंतप्पांची बायको उठली, घराकडे गेली आणि चार शेरांची अख्खी ढेप डोक्यावर घेऊन आली. पारड्यात ठेवून नवऱ्याकडे न पाहता जाऊन बसली. अध्यक्षांचा वाटा किती होता, हे गावाला पहिल्यांदा मापाने कळले. तिच्या मागून दुसरी उठली, मग तिसरी. कुणी ओंजळभर आणला, कुणी नारळाएवढा, एकीने तर मडकेच आणून उपडे केले. कुणाचा नवरा किती खाऊन आला असेल हे त्या बायकांना विचारावे लागले नाही.

पारडे उतरत उतरत आले आणि बोटभर वर थांबले. बाबामियाँनी काटा थोपटून पाहिला. बोटभर ते बोटभर.

सिताबाई सासूकडे पाहत होती. कडूबाईंनी कनवटीला हात घातला, चंची काढली, पान-सुपारीच्या खालून फडक्यात बांधलेला गुळाचा खडा काढला आणि पारड्यात ठेवला. तपासणीचा होता. पाच गावांपुढे ठेवला, आणि त्यांची मान जरासुद्धा खाली गेली नाही.

पारडी समोरासमोर आली.

बाबामियाँनी दोन्ही हात सोडले. पुजाऱ्याने घंटा वाजवली. पंचवीस वर्षांची ती गोष्ट संपली. सिद्धेश्वराला आता विचारायला काही राहिले नाही.

कडूबाई लेकाकडे वळल्या. तो अजून श्वास धरून बसला होता, लाल झाला होता. आणि कडूबाई वळताच गर्दीतल्या यच्चयावत पुरुषांनी आपापली पोटे आत ओढून घेतली. (हे वाचताना ज्यांनी आत्ता ओढून घेतले असेल, त्यांनी सोडायला हरकत नाही. इथून काही दिसत नाही, आणि काट्यावर त्याचा काही उपयोग नसतो हे वर आलेच आहे.)

“शिवलिंग्या,” त्या म्हणाल्या, “सोड त्यो श्वास. उतर खाली. उद्यापासनं तीन भाकरी खायच्या. साडेतीन न्हाय, चार घिऊन अर्धी टाकायची न्हाय, तीन. मळ्यात पायी जायचं, बैलं घरी ऱ्हात्याल. आन ह्ये चाळीस दिस न्हाय, मरस्तवर. त्या धाराशिवच्या डॉक्टरला तू नवा म्हणालास, समद्यांत शाणा त्योच एक निघाला. सा म्हैन्यात शेरभर घटलास तरी म्या देवाला नारळ फोडीन. एकच नारळ. भारोभार काय म्या आता बोलत न्हाय.”